पाकोळीची डावी वळणं

मोदेना, १८ सप्टेंबर १९६६

प्रिय ताई,

आधी चांगली बातमी. पाकोळी धावली!

हे नाव तुला नवीन आहे. कागदोपत्री ती 'झानासी दोन लिटर'. पण आमच्या पत्रेवाल्यांनी तिची शेपटी ठोकून काढली तेव्हा मधोमध अशी खाच पडली की कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर पाकोळी!" तेव्हापासून मालक सोडून सगळे तिला पाकोळीच म्हणतात. ही विकायची गाडी नव्हे. शर्यतीसाठीच घडवलेला एकुलता एक नमुना, आमच्या भाषेत प्रोटोटाइप. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, आणि उंची इतकी कमी की शेजारी उभा राहिलो तर तिचं छप्पर माझ्या पट्ट्याला लागतं. इतके दिवस ती माझ्या कागदावरच्या रेघांमध्ये होती. परवा विमानतळाच्या ट्रॅकवर लिबेरोने तिला मोकळं सोडलं आणि मी तोंड फिरवून डोळे पुसले. हसू नकोस.

शेवटच्या फेरीत मागचं झाकण उडालं, गाडी गरकन फिरली आणि गवताच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसली. तुझ्या नवऱ्याच्या कपाळाला जरासं लागलंय. टेंगूळ आलंय, बाकी काही नाही. बाहेर येऊन हसत होता. शनिवारी घरी येईल तेव्हा त्याला त्यावरून फार छेडू नकोस, तो चिडतो. झाकणाची कडी मी बदलली आहे.

झानासीसाहेबांनी मेपर्यंत मुदत दिली आहे. सिसिलीतल्या मादोनिए डोंगरातली शर्यत झाली की ठरवणार. आपल्या दोन लिटरच्या वर्गात पहिली आली तर पुढे आणखी गाड्या. नाहीतर शर्यतीचा विभाग बंद, आणि तुझा भाऊ पुन्हा ट्रॅक्टरच्या पंपांचे आराखडे काढत बसणार.

मिरेल्लाला मामाचा पापा.

तुझा,
ओरेस्ते

•

चेर्व्हिया, २ ऑक्टोबर १९६६

ओरेस्ते,

तुझ्या 'जराशा' टेंगळाला मी बघितलं. अंड्याएवढं होतं. रविवारी हा बाबा दिवसभर पालथा झोपला, मासळीबाजारातसुद्धा गेला नाही. लिबेरो बाजारात आला नाही म्हणजे तो मेला असणार, असं समजून दोन मच्छीमार चौकशीला आले.

फोन करत जा म्हणतोस, पण फोन बारमध्ये, आणि बारमध्ये अख्खं गाव कान टवकारून बसलेलं. त्यामुळे पत्रच बरं. पर्यटक गेले, खोल्या बंद केल्या, गाद्या उन्हात टाकल्या. आता संध्याकाळी मला बसायला वेळ आहे आणि बसलं की मन नको तिथे जातं.

एक खरं सांग. गाडी कशी आहे? मला लिबेरोकडून कळत नाही. त्याला विचारलं की म्हणतो, "बायकोपेक्षा समजूतदार आहे." काल जेवताना त्याने वाइन ग्लासात न ओतता शेजारी टेबलक्लॉथवर ओतली. मिरेल्ला खो खो हसली. तोही हसला, पण उशिरा. माणूस दमलाय, ओरेस्ते. तूच त्याला पहिल्यांदा आपल्या घरी जेवायला आणलंस, आता त्याला जरा जेवणापुरता तरी घरी राहू दे.

नोएमी

•

मोदेना, ६ नोव्हेंबर १९६६

प्रिय ताई,

वाइन टेबलक्लॉथवर ओतली म्हणजे तुमच्याकडची वाइन त्याला ग्लासाच्या लायकीची वाटली नसेल. आमची लांब्रुस्को पाठवतो.

आता व्हाल्लेलुंगाची हकिकत. रोमच्या वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्या वाचून तू घाबरली असशील. पाकोळीची पहिली शर्यत. सुरुवातीला आमच्या वर्गात ती पहिली होती. मी घड्याळ हातात धरून उभा, आणि घड्याळ बघायचं विसरलेला. मग एका डाव्या वळणावर तिची शेपटी निसटली आणि लिबेरो बाहेर मातीत गेला. परत आला, सहावा.

उतरल्यावर म्हणाला, "डाव्या वळणांवर मागची चाकं दगा देतात. उजवीकडे साखरेसारखी गोड, डावीकडे सावत्र आई."

आम्ही सगळं मोजलं. सांगाड्याच्या नळ्या, चाकांचे कोन, वजन. दोन्ही बाजू सारख्या. मग आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, फाउस्तोला बसवलं. हा त्रेंतोचा, गप्प माणूस, हातमोजे घडी घालून ठेवणारा. तो म्हणाला, "मला काही जाणवलं नाही." पण फाउस्तो गाडी चालवतो ती नोटरी सही करतो तशी. जो कडेपर्यंत जातच नाही त्याला कडेला काय होतं ते काय कळणार? लिबेरो सांगतो ते खरं असणार. मी मागच्या सस्पेन्शनचे दांडे नव्याने आखायला घेतले आहेत.

तू विचारलंस म्हणून खरं सांगतो. गाडी चांगली आहे, आणि तिच्यात मला न सापडलेलं काहीतरी आहे.

ओरेस्ते

•

चेर्व्हिया, १९ डिसेंबर १९६६

ओरेस्ते,

नाताळला येतोयस ना? काप्पेल्लेत्ती मी करणार आहे, तू फक्त पोट आण.

एक विचारायचं होतं. लिबेरोच्या जागी फाउस्तो चालवू शकत नाही का? निदान हा हिवाळा? का म्हणून विचारू नकोस. आणि मी विचारलं हे लिबेरोला सांगू नकोस, तुला आईची आण.

नोएमी

•

मोदेना, ११ जानेवारी १९६७

प्रिय ताई,

नाताळात तू मला एकटं सापडूच दिलं नाहीस. स्वयंपाकघरात आलो की तू अंगणात, अंगणात आलो की तू वर. निघताना मिठी मारलीस ती अशी, की मी युद्धावर निघालोय.

मला कळलं. माझ्या गाडीवर तुझा विश्वास नाही. राग नाही आला, पण लागलं. कारण माझाही उडत चाललाय.

नवे दांडे लावले, मागची चाकं रुंद केली, शेपटी खाली आणली. काही फरक नाही. लिबेरो प्रत्येक वेळी तेच सांगतो, "डावीकडे." शुक्रवारी चाचणीनंतर गाडी उचलली तर डाव्या ब्रेकच्या हवेच्या नळीत गवत कोंबलेलं, आणि डाव्या बाजूचा रंग पार मडगार्डापर्यंत खरवडलेला. म्हणजे ती वळणाच्या आतल्या बाजूला घासत जाते आहे. आत का जाते? गाडी घसरली तर बाहेर जाते. हे माझ्या कुठल्याच गणितात बसत नाही. झानासीसाहेब येऊन उभे राहतात, म्हणतात, "इंजिनिअर, गाडीला डावा हात नाही काय?" आणि जातात.

जेवणावरची वासना उडाली आहे. तुला सांगतो आणि दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. त्या गाडीत त्याला काही झालं, तर ते माझ्या पेन्सिलीने झालेलं असेल.

घरी तो गाडीबद्दल काही बोलतो का? मला सांगायला संकोचत असेल, मित्र म्हणून. एखादा शब्दही मला उपयोगी पडेल.

ओरेस्ते

•

चेर्व्हिया, ५ फेब्रुवारी १९६७

ओरेस्ते,

नाही. घरी काही बोलत नाही.

इकडे समुद्राचं पाणी पार झोपड्यांपर्यंत आलं होतं, मिठागरांवर धुकं. आपल्या फियाटचा डावा मडगार्ड मी फाटकाच्या खांबावर घातला, मिरेल्लाला शाळेत सोडून येताना. लिबेरोला वाईट वाटलं, त्याने स्वतःच ठोकून सरळ केला. तू आलास आणि दिसलं तर त्याला चिडवशील, म्हणून आधीच सांगते, माझ्या हातून झालं.

तू जेव. आजारी पडून कुणाचं भलं होणार आहे? तुझ्या गाडीवर माझा राग नाही. याच्यापुढे मला लिहिता येत नाही.

नोएमी

•

मोदेना, २९ एप्रिल १९६७

प्रिय ताई,

मोंझाची लांब पल्ल्याची शर्यत झाली. गिअरबॉक्स गेला, शर्यत अर्ध्यात सुटली. त्याचं मला दुःख नाही. गिअरबॉक्स मोडतो तेव्हा का मोडला ते कळतं, दात हातात घेऊन बघता येतात.

दुःख दुसरंच आहे. सकाळी लिबेरोने गाडी चालवली, दुपारी फाउस्तोने. तीच गाडी, तेच टायर. नोटरी प्रत्येक फेरीत त्याच्यापेक्षा लवकर येत होता. डावी वळणं त्याने अशी घेतली की मी बघतच राहिलो.

गाडी ढकलत आणल्यावर लिबेरो माझ्याजवळ आला. "काय बघतोस घड्याळात?"

"काही नाही."

"नोटरीचा वेळ बघतोस. बघ, बघ. सरळ रस्त्यावर कुणीही पळवेल. सिसिलीत भिंती आहेत दोन्हीकडून. तिथे बसव त्याला, मग पँट धुवायला माणूस ठेव."

फाउस्तो तिथेच होता. त्याने हातमोजे काढले, घडी घातली, आणि म्हणाला, "लिबेरो, तू डावीकडे वळताना मान पूर्ण फिरवतोस. घुबडासारखी. पूर्वी फिरवत नव्हतास."

लिबेरोने त्याची कॉलर धरली. मला आणि दोन मेकॅनिकांना मिळून सोडवावं लागलं.

ताई, आता जे लिहितो ते मी सप्टेंबरातच लिहायला हवं होतं. ते जरासं लागलेलं नव्हतं. गवतात गाडी गेली तेव्हा त्याचं डोकं चौकटीच्या नळीवर आपटलं होतं. मी पोचलो तेव्हा तो बेशुद्ध होता. हाका मारल्या, गाल थोपटले. शुद्धीवर आला आणि मला तुझ्या नावाने हाक मारली. मग उलटी केली, मग हसला, आणि माझा हात घट्ट धरून म्हणाला, "नोएमीला कळलं तर ती मला गाडीत बसू देणार नाही. आपल्या मैत्रीची शपथ." मी गप्प बसलो. मला गाडी धावायला हवी होती आणि त्याच्याशिवाय ती धावेल असं मला वाटत नव्हतं.

मला वाटतं, त्या दिवसापासून तो घाबरलाय. आतून मोडलाय आणि गाडीचं नाव पुढे करतोय. भीती वाटण्यात लाज कसली, पण त्याला कोण सांगणार? पाच तारखेला आम्ही सिसिलीला निघतो. मादोनिएचा रस्ता म्हणजे एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. घाबरलेल्या माणसाला मी तिथे पाठवू का? तू विचार त्याला. तुझ्यापाशी तो खोटं बोलणार नाही.

ओरेस्ते

•

चेर्व्हिया, ३ मे १९६७

ओरेस्ते,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं आणि मग पायरीवर बसले. तुला काय काय म्हणावंसं वाटतंय ते लिहीत नाही, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य मलाही लागू पडेल.

तो घाबरलेला नाही. घाबरला असता तर मी आनंदाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती. त्याला दिसत नाही.

डावा डोळा. ऑक्टोबरात सुरू झालं. आधी म्हणायचा, काजळीचे कण उडतायत. मग म्हणाला, डाव्या कडेने कुणीतरी पडदा ओढत आणतंय. मी विचारलं, कशाने? म्हणाला, ट्रॅकवर पेट्रोल उडालं डोळ्यात, जाईल. डिसेंबरात मी बॅग भरली, डॉक्टरकडे चल म्हटलं. तर त्याने मिरेल्लाच्या डोक्यावर माझा हात ठेवला आणि माझ्याकडून वदवून घेतलं की कुणाला सांगणार नाही, ओरेस्तेला तर नाहीच. "परवाना काढून घेतील," म्हणाला. "मग मी काय करू? तुझ्या पाहुण्यांना किनाऱ्यावर छत्र्या लावून देऊ?" मुलीच्या डोक्यावरचा हात, ओरेस्ते. माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

फियाट मी नाही घातली खांबावर. त्याने घातली. दिवसाउजेडी, आणि फाटक नेहमीच्या जागीच होतं.

मला वाटायचं तुला ठाऊक असणार. रोज त्याच्यासोबत असतोस, कळत कसं नाही? वाटायचं, गाडीपायी माझा भाऊ डोळेझाक करतोय. त्याचाच राग होता तुझ्यावर. आणि तू बिचारा दांडे बदलत बसलास. तुला डोक्याचा मार किती ते ठाऊक, मला डोळा ठाऊक. दोघांनी एकमेकांना एक ओळ खरी लिहिली असती, तर कुठल्याही डॉक्टरने ऑक्टोबरातच सांगितलं असतं.

तुझ्या गाडीत दोष नाही. तो वळणाची आतली कड बघू शकत नाही, म्हणून तिच्यावर जातो.

आज मी शपथ मोडली. मिरेल्लाला झोपाळ्यावर बसवून आले आणि सारखी खिडकीतून बघतेय, तिला काही होत तर नाही ना. हसशील, पण बघतेय.

हे पत्र तू निघायच्या आत पोचेल याची खात्री नाही. म्हणून सिसिलीला, चेफालूच्या तुमच्या हॉटेलवर तारही करते: लिबेरोला बसवू नकोस. त्याला जिवंत घरी आण. माझ्याशी आयुष्यभर बोलला नाही तरी चालेल.

नोएमी

•

चेफालू, १५ मे १९६७

प्रिय ताई,

तार मिळाली, मागोमाग मोदेनाहून फिरत फिरत पत्रही. आज सगळं सांगतो, मग तू ठरव मला भाऊ म्हणायचं का.

शर्यतीच्या आदल्या दुपारी मी लिबेरोला बंदराच्या धक्क्यावर फिरायला नेलं. मी त्याच्या डाव्या हाताला चालत होतो. तो पहिल्या वळणांविषयी बोलत होता, कुठे गिअर उतरवायचा, कुठे म्हातारीचं घर येतं. मी गप्प थांबलो. तो बोलत पुढे गेला. माझ्या जागी कुणी नाही हे त्याला कळलंच नाही. बरंच पुढे जाऊन म्हणाला, "खरं ना?" आणि उत्तर आलं नाही तेव्हा त्याने मान फिरवली, पार खांद्यापर्यंत, फाउस्तो म्हणाला होता तशी.

मला बघितल्यावर त्याला समजलं. "नोएमीने सांगितलं."

"हो."

"शपथ घेतली होती तिने."

"मीही घेतली होती. दोन्ही मोडल्या."

तो धक्क्याच्या कठड्यावर बसला. म्हणाला, "उद्याची एक. ही एक चालवू दे. या रस्त्यावर मी डोळे मिटून चालवू शकतो."

"तेच तर करतोयस अख्खा हिवाळा," मी म्हणालो. असं बोलायला नको होतं. तो उठला आणि मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मग तू सांग मालकाला. माझ्याच्याने नाही होणार."

झानासीसाहेब आधी ओरडले, मग खुर्चीत बसले, मग विचारलं, "त्याला घरी कोण आहे?" मी म्हणालो, माझी बहीण. त्यांनी लिबेरोचं नाव कापलं. शर्यत एवढी लांब की एका माणसाचं काम नाही. दुसरा ड्रायव्हर म्हणून पालेर्मोचे एक वकील मिळाले, पोट सुटलेले, पण लहानपणापासून याच रस्त्यावर गाड्या पिटाळणारे. "तुमची गाडी मोडणार नाही," म्हणाले, "फार तर ओरखडेन."

उरलेल्या वेळात मी आणि मेकॅनिकांनी मागचं सगळं उतरवलं. हिवाळाभर केलेली एकूण एक दुरुस्ती काढून टाकली आणि सप्टेंबरातले पहिले दांडे परत लावले. मी का आणले होते सोबत, मलाच ठाऊक नाही.

ताई, ती धावली. गावागावांतून, गच्च्यांवरून लोक ओरडतायत, मेंढ्या पळतायत, आणि पाकोळी भिंतींच्या मधून डावी-उजवी अशी जाते की जणू रस्ताच तिच्याप्रमाणे वळवलाय. वर्गात पहिली. सगळ्यांत मिळून पाचवी. वकीलसाहेबांनी एकही ओरखडा काढला नाही, फाउस्तो उतरला तेव्हा त्याला हातमोज्यांची घडी जमेना.

लिबेरो पूर्ण वेळ पिटमध्ये, गाड्या पेट्रोलला थांबतात तिथे, उभा होता. प्रत्येक फेरीला पाकोळीचा आवाज त्याने सगळ्यांच्या आधी ओळखला. "आली," म्हणायचा, आणि मग ती दिसायची. निकाल लागल्यावर सगळे मिठ्या मारत होते. मी त्याला शोधलं तर तो नव्हता. स्टेशनवर कळलं, संध्याकाळची गाडी पकडून गेला.

माझ्याशी एक शब्द बोलला नाही. तो पोचला का? कृपा करून लगेच कळव. मी जिंकलोय आणि तुझ्या पत्राची वाट बघत बसून आहे.

ओरेस्ते

•

बोलोन्या, ४ जून १९६७

ओरेस्ते,

पोचला. पण सिसिलीहून चेर्व्हियाला यायला कितीही उशीर झाला तरी माणसाला एवढे दिवस लागत नाहीत. मधले कुठे काढले, विचारलं नाही. एका दुपारी फाटकात उभा दिसला, दाढी वाढलेली. मिरेल्ला धावत गेली ती डाव्या बाजूने, आणि त्याने तिला बघितलंच नाही. ती तशीच थबकली. आठ वर्षांची पोर, तिला कळलं. वळसा घालून उजवीकडे गेली आणि तिथून त्याचा हात धरला. त्याने खाली बघितलं, मग माझ्याकडे. "चल," म्हणाला, "कुठे न्यायचं तिथे ने."

इथल्या डॉक्टरांनी बघितलं. डोळ्याच्या आतलं अस्तर फाटून सुटलंय. "डोक्याला मार कधी बसला होता?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आणि तुम्ही आत्ता येता?" मी फरशीकडे बघत राहिले. तिथे तू असतास तर तूही फरशीकडेच बघितलं असतंस.

मंगळवारी ऑपरेशन झालं. आता दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही. लिबेरोला हसू नको म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणणं. पण तो हसतही नाही. मी पिआदिनाची पोळी कुस्करून भरवते, तो मुकाट खातो. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल, किती ते पट्टी सुटल्यावर. शर्यतीचं विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. ती मान लिबेरोला दिसली नाही, पण मी काही बोलले नाही यावरून त्याला कळलं असणार.

तुझं नाव मी काढलं नाही. त्यानेही नाही.

नोएमी

•

चेर्व्हिया, १७ जुलै १९६७

ओरेस्ते,

हे मी, लिबेरो, स्वतः लिहितोय. ओळी वर-खाली गेल्या तर समजून घे. नोएमीला दाखवायचं नाही ठरवलंय, ती शुद्धलेखन सुधारते.

डाव्या डोळ्याने आता खिडकी कुठे आहे ते कळतं. माणूस असेल तर माणूस आहे एवढं कळतं, बाटलीच्या बुडातून बघावं तसं. याहून जास्त येणार नाही. परवाना मी स्वतः पाठवून दिला. मागून घेऊ दिला नाही.

तू इस्पितळात आला होतास. दोनदा. दारात उभा राहिलास आणि परत गेलास. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, कानांवर नव्हती. तू श्वास घेताना नाकाने शिटी वाजते, लहानपणी मोडलेल्या नाकातून. मला हाक मारायची होती, पण आधी तुला शिवी द्यायची की आधी मला स्वतःला, ते ठरेना, आणि तेवढ्यात तू गेलास. नोएमीला हे ठाऊक नाही. तिला सांगायचं तर तू सांग.

मी तुझ्याशी खोटं बोललो आणि तू माझ्या खोट्यापायी चांगली गाडी पुन्हा पुन्हा मोडलीस. प्रत्येक सोमवारी नवे दांडे घेऊन यायचास, डोळे लाल, आणि विचारायचास, "आता कशी वाटते?" मी म्हणायचो, "थोडी बरी." ते मला आता झोपू देत नाही. भिंतीवर आपटलो असतो तर तू जन्मभर स्वतःला दोष देत बसला असतास, आणि मी सांगायला नसतो की दोष गाडीचा नव्हता. याचा विचार मी तेव्हा केला नाही. एकदाही नाही.

झानासीसाहेबांचा निरोप मिळाला, आणखी दोन गाड्या करणार आहेत आणि चाचणीला मला बोलावतायत. चालवायला नाही, ऐकायला. अजून हो म्हटलेलं नाही.

आता महत्त्वाचं. येत्या रविवारी तुमची मुजेलोच्या डोंगरात शर्यत. उताराच्या शेवटी पूल येतो, त्यानंतर रस्ता अचानक अरुंद होतो, ते नोटरीला सांग. पहाटे डांबर ओलं असतं, झाडांमुळे उशिरापर्यंत वाळत नाही, तेही सांग. मला तो माणूस आवडत नाही. पण गेले चार दिवस मला त्या पुलाचीच स्वप्नं पडतायत. इतकी वर्षं मी गाडीत बसलो, कधी घाबरलो नाही, शपथेवर सांगतो. इथे खोलीतल्या खुर्चीत बसून माझ्या हातांना घाम येतो. नोएमी म्हणाली, "आता कळलं?" आणि मटार सोलत राहिली.

शर्यत संपली की लगेच तार कर. कितवा आला ते मागाहून लिही. आधी एवढंच कळव, की तो आपल्या पायांनी गाडीतून उतरला.

लिबेरो